पोर्ट ल्युसीचं घंगाळ

त्या घरात खिळा ठोकायला बंदी होती. ठोकायला होती तशी काढायलाही होती, आणि माझ्या बाबांचे तिथले दिवस कष्टात गेले ते एवढ्याच कारणाने. बाबा हाडाचे मेकॅनिकल इंजिनियर. ऑकलंडच्या ईस्ट टामाकी भागातल्या एका कारखान्यात दिवसभर पॅकिंगची यंत्रं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी विश्रांती म्हणून घर दुरुस्त करायचं, हा त्यांचा क्रम. बॉटनी डाउन्सच्या आमच्या भाड्याच्या घरात त्यांनी इतके कप्पे, हुक आणि कड्या बसवल्या होत्या की घर सोडताना मालक म्हणाला, राहू दे सगळं, काढलंत तर भिंत पडेल. अशा माणसाला नशिबाने उचलून एका संरक्षित घरात नेऊन ठेवलं, आणि वर सांगितलं की आता हात मागे बांधून राहा. त्यांचे हात कायम शिवशिवायचे. जेवताना सुद्धा ते टेबलाचा पाय अंगठ्याने चाचपत बसायचे.

आम्ही तिथे गेलो आईमुळे. आई पुण्याची डॉक्टर, पण न्यूझीलंडला आल्यावर तिच्या पदवीला कुणी विचारेना. सगळ्या परीक्षा नव्याने द्यायच्या होत्या, आणि त्या पार पडेपर्यंत ती बॉटनीतल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवण्याचं, अंघोळी घालण्याचं काम करत होती. घरी येऊन स्वयंपाक करायची, मग ओट्यावरच पुस्तकं उघडायची. तिच्या एका जाडजूड पुस्तकात हळदीचे डाग पडलेली पानं होती, त्यावरून मला कळायचं की हृदयाचं प्रकरण आमटीच्या दिवशी वाचलंय. शेवटी ती पास झाली तेव्हा शहरात तिच्यासाठी जागा नव्हती, आणि ऑकलंडहून गाडीने चार तासांवर असलेल्या पोर्ट ल्युसी नावाच्या खेड्यात डॉक्टर नव्हता. तिथले जुने डॉक्टर निवृत्त होऊन मासे धरायला लागले होते. दवाखान्याने आईला एक वर्षासाठी, बघू कसं जमतं या बोलीवर घेतलं. नोकरीबरोबर घर मिळणार होतं, आणि गावात भाड्याने मिळेल असं दुसरं घर नव्हतं. त्यामुळे घर गेलं की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की आई परत वृद्धाश्रमात, हा हिशेब आम्हाला पहिल्या दिवसापासून पाठ होता. दवाखान्याच्या पाटीवर जुन्या डॉक्टरांचंच नाव होतं. वर्षभरासाठी कशाला रंगवायची, असं दवाखान्यातल्या मंडळींचं म्हणणं.

आता घराविषयी. पोर्ट ल्युसी हे फ्रेंच लोकांनी वसवलेलं गाव, आणि त्या घराची हकिगत गावातला प्रत्येक माणूस वेगळी सांगायचा. सगळ्यांना मान्य असलेला भाग एवढाच, की फ्रान्समधल्या एका खेड्यात दोन भावांची वाटणी झाली, धाकट्याच्या वाट्याला अठराव्या शतकात बांधलेल्या वडिलोपार्जित घराचा अर्धा भाग आला, आणि भावाचं तोंड बघायची इच्छा नसल्यामुळे त्याने आपला अर्धा भाग सुटा करून जहाजात भरला. दारं, खिडक्या, तुळया, जिना, चुलीचे दगड, सगळं. दगड म्हणे जहाजाच्या तळाशी भार म्हणून घातले होते. म्हणजे घर अठराव्या शतकातलं आणि जमीन त्यानंतरची, असा तो प्रकार होता. उरलेलं अर्धं घर फ्रान्समध्ये अजून उभं आहे आणि तेही संरक्षित आहे असं सांगतात. वाटणीच्या भांडणातून दोन देशांच्या पुरातत्त्वाची सोय झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

या घराची राखण करायची जिनेट. घर आणणाऱ्या त्या धाकट्या भावाच्या वंशातली ती शेवटची. वय सत्तरीच्या पुढे, उंच, काटक, पायात बारा महिने जँडल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला, आणि गळ्यात टॉर्च. ती गल्लीच्या पलीकडे राहायची आणि दर गुरुवारी घर तपासायला यायची. घराची एक समिती होती. बॅरी नावाचा एक निवृत्त मेंढपाळ तिचा अध्यक्ष, पण तो जिनेटला विचारल्याशिवाय खोकतही नसे. पहिल्या दिवशी तिने आम्हाला "किया ओरा" म्हणून आत घेतलं आणि तासभर घरातून फिरवत काय काय करायचं नाही ते सांगितलं. आई शेवटी म्हणाली, "श्वास घेतला तर चालेल ना?" अर्थात मराठीत. मी त्याचं भाषांतर "लव्हली हाऊस" असं केलं.

पहिल्याच आठवड्यात कुकरची शिट्टी झाली आणि जिनेट गल्ली ओलांडून धावत आली. तिला वाटलं गॅस फुटतोय. मग फोडणीचा प्रश्न आला. त्या तुळयांना तेलाचा धूर लागता कामा नये, असं समितीचं मत पडलं, तेव्हा आईने फोडणी अंगणात हलवली. मागच्या दारापाशी लिंबाचं एक जुनं झाड होतं, त्याच्या आडोशाला तिने छोटा कॅम्पिंगचा गॅस मांडला. खाडीवरून वारा सुटलेला, बाबा छत्री आडवी धरून उभे, आई कढल्यात मोहरी तडतडवतेय आणि मी वरणाचं पातेलं धरून दारात तयार, अशी आमची रोजची आरती चालायची. मोहरी थंड व्हायच्या आत पातेल्यात पडली पाहिजे. समोरच्या कुरणातल्या मेंढ्या तेवढा वेळ चरायचं थांबवून बघत उभ्या राहायच्या. आजही ऑकलंडजवळ टाकानिनीतल्या माझ्या नव्याकोऱ्या घरात, धूर ओढणारं यंत्र डोक्यावर असताना, फोडणीच्या वेळी मी नकळत मागचं दार उघडते. माझ्या मुलांना ही माझी लहर वाटते. "ममा, इट्स फ्रीझिंग," म्हणतात. त्यांना मराठी सगळं कळतं, उत्तर तेवढं इंग्रजीत येतं.

आणि तो खिळा. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीत, बरोबर बाबांच्या कपाळाच्या उंचीवर, एक गंजका खिळा बाहेर आलेला होता. पहिल्या महिन्यात तो बाबांना इतक्या वेळा लागला की आईने धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. बाबांनी तो काढायची परवानगी मागितली. जिनेटने टॉर्च मारून खिळा पाहिला, फोटो काढला, समितीपुढे ठेवला. निकाल आला तो नकाराचा.

"पण हा फ्रान्समधून आलेला नाही," बाबा म्हणाले. "हा साधा इथला खिळा आहे. कुणीतरी टोपी अडकवायला ठोकलाय."

"असेल," जिनेट म्हणाली. "पण आता तो घराचा आहे. या घरात जे आलं ते घराचं झालं, अरविंद. घालायला परवानगी लागते तशी काढायलाही लागते. आणि काढायची परवानगी आम्ही आजवर कुणाला दिलेली नाही."

बाबांनी खिळ्याच्या टोकाला बुचाचा तुकडा लावला. त्यालाही परवानगी लागली, पण ती मिळाली.

स्वयंपाकघराच्या एका भिंतीत माणूस उभा राहील एवढी मोठी चूल होती, आणि तिच्यावर साखळीने टांगलेलं एक तांब्याचं भांडं. रुंद तोंडाचं, दोन बाजूंना दोन कड्या, काळंकुट्ट. फ्रान्सहून घरासोबत आलेलं. त्यात पूर्वी फळांचा मुरांबा शिजायचा. घराच्या सगळ्या वस्तूंत त्याचा मान मोठा. त्याचा काळा रंग ही दोनशे वर्षांची साय आहे, ती कधीही घासायची नाही, असं जिनेट बजावून सांगायची. आम्हाला ते भांडं म्हणजे कुणीतरी वर बसून बघतंय असं वाटायचं. आम्ही त्याच्या खालून वाकून जायचो.

अशा घरात हिवाळ्याच्या शेवटी पुण्याहून कुसुमआत्या आली. बाबांची थोरली बहीण. लग्न केलेलं नाही, शाळेत मुख्याध्यापिका होती, निवृत्त झाल्यावरही आवाज निवृत्त झालेला नव्हता. आई आणि आत्या यांच्यात एक जुनी गाठ बसलेली होती. आई वृद्धाश्रमात काम करते हे कळल्यावर आत्या फोनवर बाबांना म्हणाली होती, "डॉक्टर बायको नेलीस आणि तिला आया करून ठेवलीस." बोलणं बाबांना होतं, पण लागलं आईला. तेव्हापासून दोघी एकमेकींशी फार नीट वागायच्या. "ताई, चहा ठेवू?" "ठेव हो, तुला वेळ असेल तर." इतकं नीट, की ऐकणाऱ्याला थंडी वाजावी.

आत्याला दिवसभर करायला काही नव्हतं. आई दवाखान्यात, बाबा गावाबाहेरच्या चीज कारखान्यात कामाला लागलेले, मी शाळेत. ती गावात हिंडायची. गावातलं एकमेव दुकान म्हणजे कोपऱ्यावरची डेअरी, तिथे दूध, पाव, गळ आणि जँडल्स मिळायच्या. तिने तिथल्या बाईशी मैत्री जमवली, कशी ते देव जाणे, कारण आत्या मुख्याध्यापिकेचं इंग्रजी बोलायची आणि ती बाई शब्दांचे शेवट खायची. "ही मुलगी चांगली आहे," आत्या सांगायची, "फक्त तोंड उघडून बोलत नाही."

महिन्यातून एकदा गावाच्या हॉलमध्ये सगळे जेवायला जमायचे. प्रत्येकाने घरून एक पदार्थ न्यायचा. आत्याने साबुदाण्याची खिचडी केली आणि आपल्या सोबत पुण्याहून आणलेल्या स्टीलच्या डब्यात भरून नेली. खिचडी संपली, डबा मात्र परत आला नाही. त्याच्या जागी आम्हाला एक काचेचं भांडं मिळालं, ज्याच्या तळाशी कुणाचंतरी बटाट्याचं सॅलड चिकटलेलं होतं. गावात त्यात कुणाला काही वाटत नसे. भांडी फिरायची, वर्ष दोन वर्षांनी आपल्या घरी यायची, नाही आली तर दुसऱ्याची यायची. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. तिला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

"चूक त्यांची नाही, माझी आहे," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली. "डबा नवा होता, नाव घालायचं राहून गेलं. नाव असतं तर परत आला असता." मग तिने आमच्या मांडणीकडे पाहिलं. एकेक वाटी, पेला, पातेलं उलटं करून पाहिलं. "सुमेधा, तुझ्या एकाही भांड्यावर नाव नाही?"

"ही इथे घेतलेली आहेत, ताई. इथे कोण नावं घालणार?"

"मग ही तुझी आहेत हे भांड्यांना कसं कळायचं?"

आई वाट्या परत सुलट्या करायला लागली. बाबांकडे मात्र दुर्दैवाने यंत्र होतं. कारखान्यात आपापली हत्यारं ओळखू यावीत म्हणून ती मंडळी पान्यांवर नावं कोरायची, त्यासाठी एक विजेवर चालणारं पेनासारखं कोरणं मिळायचं. बाबांकडे ते ईस्ट टामाकीपासून होतं. भांडी आमची होती, घराची नव्हती. नावं घालायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. आणि इतक्या दिवसांनी घरात काहीतरी यंत्र चालणार म्हणून बाबांनाच जास्त आनंद झाला. त्यांनी आत्याला एका फुटक्या बशीवर सराव करायला लावलं. पुण्यात भांड्यांच्या दुकानात कोपऱ्यात बसून नावं घालणारा माणूस असतो, त्याच्या हातून येणारा तो टर्रर्र आवाज घरात घुमायला लागला आणि आत्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मुख्याध्यापिकेचं अक्षर ते. वळणदार, शिरोरेघ आखल्यासारखी. आठवड्याभरात आमच्या घरातला एक चमचा बिननावाचा राहिला नाही. मग डेअरीवालीने आपली केकची थाळी आणली, तिच्या मैत्रिणीने बाकीच्यांना सांगितलं, आणि गावातल्या बायका आपापली भांडी घेऊन आमच्या मागच्या दारी यायला लागल्या. आत्या त्यांना नाव देवनागरीत घालून द्यायची. "इंग्रजीत कशाला, सगळ्यांचं सारखंच दिसेल," म्हणायची. पोर्ट ल्युसीत अजूनही काही ओव्हनच्या तबकांवर 'शॅरन' आणि 'ट्रेसी' ही नावं सुंदर देवनागरीत सापडतील.

दिवाळी आली. तिकडे दिवाळी वसंतात येते. कुरणात कोकरं उड्या मारत असतात आणि आकाशकंदील लावावा तर आठ वाजेपर्यंत उजेड. कंदील टांगायला खिळा नव्हताच, आम्ही तो लिंबाच्या झाडाला बांधला. त्याच आठवड्यात समितीची वार्षिक तपासणी होती, बरोबर नरकचतुर्दशीच्या दिवशी सकाळी दहाला. यावर ठरणार होतं की घर आमच्याकडे पुढे ठेवायचं का. आईने आधीच्या रविवारी घराचा कोपरान् कोपरा स्वतः पुसला. ती रात्री ताट न उचलता बसून राहायची, आणि तशी ती मी वृद्धाश्रमाच्या दिवसांनंतर पाहिली नव्हती.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी शाळेतून आले तर आत्याने चुलीच्या तोंडाशी आपली जुनी नऊवारी पडद्यासारखी लावली होती. साडीचं एक टोक त्या ऐतिहासिक खिळ्याला बांधलेलं. "आत फराळ झाकलाय," ती म्हणाली. "उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही." मुख्याध्यापिकेचा आवाज होता तो. कुणी पडदा उचलला नाही. घरात चकलीचा वास होताच, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. लिंबाच्या झाडावर मात्र एकही लिंबू उरलेलं नव्हतं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहाटे आत्याने आम्हाला उठवलं, तेल लावलं, उटणं चोळलं. अभ्यंगस्नानाला पहिला नंबर माझा. मी न्हाणीघराचं दार ढकललं आणि तिथेच थांबले. मधोमध पाटाशेजारी एक भलंमोठं तांब्याचं घंगाळ वाफाळत होतं. गुलाबी, लखलखीत, त्यात दिव्याचं प्रतिबिंब हलत होतं. इतकं देखणं भांडं मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते आलं कुठून हे कळायला मला जरा वेळ लागला. कड्या दिसल्या तेव्हा कळलं.

"आत्या, हे तर…"

"घंगाळच आहे," आत्या म्हणाली. "पहिल्या दिवशीच ओळखलं मी. काय अवस्था करून ठेवली होती या लोकांनी. दिवसभर घासत होते, लिंबू नि मीठ."

आई मागून टॉवेल घेऊन आली. तिचा चष्मा बाहेर होता, तरी तेवढी चमक तिला दिसली. ती टबच्या काठावर बसली. "ताई," ती अगदी हळू म्हणाली, "माझी नोकरी गेली." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आत्याला तोवर कुणी नीट सांगितलंच नव्हतं की त्या भांड्यात नेमकं काय अडकलंय. 'शोभेचं आहे' एवढंच बाबा बोलले होते. आता बाबांनी सांगितलं. आत्या पाटावर बसली ती उठेना. उटण्याची वाटी तिच्या मांडीवर तशीच राहिली.

दहा वाजायला अजून अवकाश होता. बाबा म्हणाले, घाबरू नका, तांबं काळं करता येतं. त्यांचं म्हणणं असं, की उकडलेल्या गरम अंड्यांत गंधक असतं, त्याच्या वाफेने तांबं काळवंडतं. मी डेअरीचं दार ठोठावून होती नव्हती ती सगळी अंडी आणली. सणाच्या पहाटे, आत्याच्या डोळ्यांदेखत, तिनेच नाव घातलेल्या पातेल्यात अंडी उकडायला टाकली गेली. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "आण इकडे, सोलून देते." आत्याने जन्मात अंड्याला हात लावलेला नव्हता. आम्ही दोघींनी अंडी सोलली, बाबांनी ती कुस्करून घंगाळात घातली, वरून प्लास्टिक बांधलं. बाबांनी उत्साहाने बाहेरूनही अंड्याचा लगदा चोळला. घरात असा वास सुटला की शेजारच्या मांजरीने देखील आमचं अंगण सोडलं.

भांडं काळं झालं नाही. जागोजागी जांभळं, निळं, हिरवं झालं, मोराच्या मानेसारखं, आणि मध्ये मध्ये तसंच गुलाबी राहिलं. ठळक काळं झालं ते एकाच जागी, काठाखाली. तिथे काहीतरी बारीक रेघा होत्या, त्यांत अंड्याचा काळेपणा बरोब्बर जाऊन बसला. पण ते बघत बसायला वेळ नव्हता. बाबांनी ती बाजू भिंतीकडे करून घंगाळ साखळीला टांगलं, आणि दार वाजलं.

जिनेट आणि बॅरी आत आले. जिनेटने आधी नाक उचललं. "कुणी अंडी केलीत का? हीप्स ऑफ अंडी?" आई इस्त्रीची साडी नेसली होती आणि तिने चेहरा दवाखान्यात वाईट बातमी सांगताना असतो तसा केला होता. तिने काही लपवलं नाही. "जिनेट, आधी चुलीकडे बघा," ती म्हणाली. "मग बाकीचं बोलू."

जिनेटने पाहिलं. टॉर्च लावायची गरज नव्हती. ती पुढे गेली, कडी धरून भांडं फिरवलं, आणि ती काठाखालची बाजू समोर आली. काळ्याभोर, वळणदार अक्षरांत, शिरोरेघेसकट.

"हे काय आहे?" तिने मला विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

मी वाचलं. आईने चष्मा नाकावर वर सरकवला. सगळे माझ्याकडे बघत होते, आत्या सोडून. ती जमिनीकडे बघत होती. मी आधी मराठीत मोठ्याने वाचलं आणि मग इंग्रजीत सांगितलं. 'चि. सौ. डॉ. सुमेधा हिस दिवाळीनिमित्त सप्रेम भेट. कुसुम. पोर्ट ल्युसी.'

म्हणजे आत्याने ते घंगाळ नुसतं घासलं नव्हतं. फ्रान्सहून आलेली, समितीच्या मालकीची वस्तू तिने आपल्या भावजयीला दिवाळीची भेट म्हणून देऊन टाकली होती.

"पण हे तुमचं नव्हतं," बॅरी आत्याला समजावून सांगितल्यासारखं म्हणाला.

"स्वयंपाकघरातलं भांडं स्वयंपाकघर चालवते तिचं," आत्या आपल्या शाळेच्या इंग्रजीत म्हणाली. "आणि तुमच्या दुकानात भेट देण्यासारखं काही मिळत नाही. फक्त चपला मिळतात. मी काय तिला चपला द्यायच्या?" मग ती आईकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "मी तेव्हा फोनवर बोलले ते चुकीचं बोलले. तू कधी तोंडाने काढलं नाहीस, म्हणून मलाही काढता येईना. भांड्यावर घातलं तर राहील म्हटलं."

 आई त्या अक्षरांकडे बघत होती. मग म्हणाली, "डॉ. लिहिलंय तुम्ही." एवढंच. आणि रडली. माझी आई रडताना मी तोवर पाहिली नव्हती, मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी बॅरीला चकली दिली.

जिनेट मात्र कडक उभी होती. "हे घासून काढावं लागेल," ती म्हणाली. "शहरातून माणूस बोलवू. आणि घराविषयी समिती ठरवेल."

तेव्हा बाबा पुढे झाले. तपासणीच्या गडबडीत त्यांनी खिळ्याचं बूच काढून ठेवलं होतं आणि कपाळावर ताजी खूण होती. "काढायला परवानगी लागेल," ते म्हणाले.

"काय?"

"या घरात जे आलं ते घराचं झालं. घालायला परवानगी लागते, मान्य, आणि ती आम्ही घेतली नाही. तो गुन्हा कबूल. पण काढायलाही लागते, आणि काढायची परवानगी तुम्ही आजवर कुणाला दिलेली नाही." त्यांनी चौकटीकडे बोट दाखवलं. "मी मागितली होती."

बॅरीच्या तोंडात चकली होती, ती हसताना त्याच्या घशात अडकली. आईने जाऊन त्याच्या पाठीत दोन धपके घातले तेव्हा तो बोलायच्या स्थितीत आला. "ही हॅज गॉट यू, जिनेट," तो म्हणाला. वर्षानुवर्षांत तो पहिल्यांदा तिला न विचारता बोलला असावा.

जिनेट हसली नाही. ती नियमाने चालणारी बाई होती, आणि नियम तिचाच होता. आपल्या सोयीसाठी तो वाकवणं तिला जमलं नसतं. ती भांड्याजवळ गेली, वाकली. गुलाबी राहिलेल्या एका तुकड्यात तिचा चेहरा दिसत होता. ती तशीच वाकून राहिली. "माझी आजी मुरांब्याच्या आधी हे घासायची," ती म्हणाली. "याच झाडाच्या लिंबांनी. मी लहान असताना यात तोंड बघून जीभ काढायचे. काळं ते आम्ही समिती केल्यानंतर झालं." मग सरळ होऊन तिने आत्याकडे पाहिलं. "शेवटचा शब्द काय लिहिलास? पोर्ट ल्युसी? पुणे का नाही?"

"भांडं जिथे राहतं तिथलं नाव घालतात," आत्या म्हणाली. "ही आता इथे राहते."

जिनेट दारापर्यंत गेली आणि मागे वळून बॅरीला म्हणाली, "दवाखान्याच्या पाटीवर अजून त्या मासे धरणाऱ्याचं नाव आहे. भांड्याला माहीत आहे आणि पाटीला नाही, हे बरं दिसत नाही." मग आम्हाला म्हणाली, "स्वीट ॲज, झकास आहे. खिडक्या उघडा, वास येतोय."

पाटी पंधरवड्यात रंगली. आई त्या गावात वर्षभरासाठी गेली होती, ती निवृत्त होईपर्यंत राहिली. पुढच्या गुरुवारी जिनेट टॉर्चऐवजी एक जुनी केटली घेऊन आली आणि तिने ती आत्यापुढे ठेवली. त्या गुरुवारी तिने घर तपासलंच नाही. खिळा आजही जागेवर आहे. बाबा म्हणायचे, जिंकूनही हरलो.

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. घर अलीकडे बघायला खुलं केलंय, तिकीट असतं. मागच्या महिन्यात मी मुलांना घेऊन गेले. जिनेट नाही, बॅरी नाही, आई-बाबा आता माझ्याजवळ टाकानिनीत असतात. चुलीपुढे दोरी लावली आहे, आणि घंगाळ पुन्हा काळंकुट्ट होऊन साखळीला टांगलेलं. अंधारात अक्षरं दिसत नव्हती. मी दोरीवरून वाकले, हात लांब केला आणि काठाखाली बोट फिरवलं. शिरोरेघ लागली. 'डॉ.' लागलं. पुढे 'कुसुम' लागलं, आणि मला पुढचं वाचता येईना.

"मॅडम, प्लीज हात लावू नका," कोपऱ्यातली गाइड मुलगी नम्रपणे म्हणाली. "ते घराचं आहे."

"हो," मी म्हटलं. "माझ्या आत्याने पत्त्यासकट तसं लिहून ठेवलंय त्यावर."